मधमाश्यांसाठीही पाणपोई

(उन्हाळ्याच्या तोंडावर धर्मापुरी, जिल्हा बीड येथे शिक्षक व ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर दिलेल्या भाषणाचा मजकूर)



होळी झाली. आता ऊन तापू लागेल आणि आपल्या मराठवाड्याच्या रीतीप्रमाणे गावोगाव पाणपोया उभ्या राहतील. एखाद्या लिंबाच्या सावलीत रांजण मांडला जाईल, त्याला ओले फडके गुंडाळले जाईल आणि ओळखदेख नसलेल्या वाटसरूलाही ओंजळभर पाणी मिळेल. तहानलेल्याला पाणी पाजणे हे आपल्याकडे पुण्यकर्म मानले गेले आहे. मी आज जो विषय मांडणार आहे, तो याच पुण्यकर्माचा आहे. वाटसरू मात्र निराळा आहे. त्याला पंख आहेत, आणि तो तहानेने गेला तर त्याची हानी आपल्याच शेताला भोगावी लागते. तो वाटसरू म्हणजे मधमाशी.

मी कृषितज्ज्ञ नाही. माहिती गोळा करून ती लोकांपर्यंत पोहोचविणे हा माझा व्यवसाय. त्यामुळे जे वाचले, जे जाणकारांकडून समजले आणि जे स्वतःच्या चुकीतून शिकलो, तेवढेच मी आपल्यापुढे ठेवणार आहे.

पोळ्यातील पाळणाघर

मधमाशीला उन्हाळा कसा सोसवतो, हे समजण्यासाठी प्रथम तिच्या घरात डोकावले पाहिजे. पोळ्याच्या मधल्या भागात अंडी, अळ्या आणि कोष असतात. हे तिचे पाळणाघर. या पाळणाघराचे तापमान ३३ ते ३६ अंश सेल्सिअसच्या दरम्यान राहावे लागते. थंडीत ते खाली जाऊ लागले, तर कामकरी माश्या एकत्र दाटून बसतात आणि पंख न हलविता उडण्याचे स्नायू थरथरवून ऊब निर्माण करतात. उन्हाळ्यात प्रश्न उलटा होतो. बाहेर पारा ४२-४३ अंशांवर गेलेला असताना आत ३५ अंश कसे राखायचे? तापमान दीर्घकाळ वर राहिले, तर कोषातून निघणारी माशी अधू निघते किंवा निघतच नाही. शिवाय पोळे मेणाचे असते. चाळिशीच्या वर मेण मऊ पडू लागते आणि मधाच्या भाराने पोळे खचण्याचा धोका निर्माण होतो.

या संकटावर मधमाश्यांनी शोधलेला उपाय आपल्या परिचयाचा आहे. तो माठाचाच उपाय आहे. पाण्याची वाफ होताना ते सभोवारची उष्णता ओढून घेते, हे तत्त्व माठाला लागू आहे, आणि खिडकीतल्या वाळ्याच्या कूलरलाही. मधमाश्यांनी ते माणसाच्या फार आधीपासून वापरात आणले आहे.

उकाडा वाढला की प्रथम काही माश्या दाराशी ओळीने उभ्या राहून पंखांनी वारा घालू लागतात. युरोपातून आलेली मेलिफेरा माशी दाराकडे तोंड करून आतली गरम हवा बाहेर खेचते. आपली देशी सातेरी माशी दाराकडे पाठ करून बाहेरची हवा आत लोटते. अनेक माश्या पोळ्याबाहेर येऊन दाढीसारखा लोंबता घोस करून बसतात, म्हणजे आत गर्दी कमी होऊन हवेला वाट मिळते. त्यानेही भागले नाही, की पाणके निघतात. ते पाणी आणतात, आतील माश्या त्याचे बारीक थेंब घरांच्या कडांवर पसरतात, किंवा जिभेवर त्याचा पातळ पडदा धरून तो पुन्हा पुन्हा ताणतात. त्यावरून पंखांचा वारा वाहतो, पाण्याची वाफ होते आणि पोळे थंड होते.

लाव्हाच्या खडकावरील प्रयोग

हा उपाय कुठवर पुरतो? मार्टिन लिंडाउअर या जर्मन शास्त्रज्ञाने याची परीक्षा पाहिली. मधमाश्यांच्या नृत्याची भाषा उलगडल्याबद्दल १९७३ साली नोबेल पारितोषिकाचे मानकरी ठरलेले कार्ल फॉन फ्रिश हे त्याचे गुरू. लिंडाउअरने इटलीत सालेर्नोजवळ लाव्हारसाच्या काळ्या खडकावर, भर उन्हात, मधमाश्यांची एक पेटी ठेवली. पेटीबाहेरचे तापमान ६० अंशांपर्यंत चढले. तरीही पेटीच्या आतील तापमान ३५ अंशांच्या आसपासच राहिले. अट एकच होती, आणि ती म्हणजे जवळच्या झऱ्याचे पाणी माश्यांना हवे तेवढे घेता आले पाहिजे.

हा प्रयोग परदेशी असला तरी परका नाही. आपण आज जिच्यावर बसलो आहोत, ती बालाघाटच्या डोंगररांगेची काळी भूमीही सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचीच बनलेली आहे. वैशाखात हा खडक कसा तापतो, हे मी आपल्याला सांगण्याची गरज नाही. आपली हवा कोरडी आहे आणि कोरड्या हवेत पाण्याची वाफ लवकर होते. म्हणजे मधमाशीचा कूलर चालण्यास आपल्याकडची हवा उलट अनुकूलच आहे. उणीव आहे ती झऱ्याची. म्हणूनच मी म्हणतो, की मराठवाड्यातील मधमाशीचा प्रश्न हा उन्हाचा कमी आणि पाण्याचा अधिक आहे.

पाण्याचा हिशेबही ऐकण्याजोगा आहे. एक माशी एका खेपेत सुमारे ४० मिलिग्रॅम पाणी आणते, असे धरू. मेलिफेराच्या भरगच्च वसाहतीला कडक उन्हाच्या दिवशी लिटरभर पाणी लागू शकते. म्हणजे एका दिवसात २५ हजार खेपा झाल्या. मध जसा साठविता येतो तसे पाणी पोळ्यात फारसे साठविता येत नाही. रोज आणावे तेव्हा रोज भागावे, अशी ही कथा आहे. पाणी पाच पावलांवर असेल तर या खेपा होतात. ते दोन कोसांवर गेले, तर वाटेतच बळ संपते.

न सांगता चालणारी पंचायत

ग्रामपंचायतीच्या सदस्यांना एक गोष्ट विशेष आवडेल. पोळ्यात पाणी किती आणायचे, हा हुकूम कोणी देत नाही. राणीमाशीही देत नाही. पाणी घेऊन आलेली माशी ते आतील माश्यांच्या स्वाधीन करते. आत उकाडा फार असेल, तर तिचा भार क्षणात उतरवून घेतला जातो आणि ती लगबगीने पुन्हा निघते. गरज सरली, की तिला घेणाऱ्याची वाट पाहत थांबावे लागते. त्या थांबण्यावरूनच तिला कळते, की आता पुरे. मागणी आणि पुरवठा यांची एवढी साधी आणि चोख व्यवस्था आपल्या कार्यालयांतही क्वचितच आढळेल.

दुसरी गोष्ट २००४ साली सिडनी विद्यापीठातील संशोधकांनी दाखवून दिली. राणीमाशीचा संयोग अनेक नरांशी होतो, त्यामुळे एकाच पोळ्यात निरनिराळ्या पित्यांच्या लेकी नांदतात. काहींना थोड्या उष्म्यातच वारा घालावासा वाटतो, तर काही बराच वेळ दम धरतात. त्यामुळे साऱ्या एकदम कामाला लागत नाहीत आणि एकदम थांबतही नाहीत. जसजसा उकाडा चढतो, तसतशा एकेक जणी कामात भर घालीत जातात आणि पोळ्याचे तापमान स्थिर राहते. ज्या वसाहतीत सर्व माश्या एकाच पित्याच्या होत्या, तेथे तापमान अधिक हेलकावे खाताना दिसले. स्वभावांची विविधता हे येथे संकटकाळचे भांडवल ठरते.

चौघींच्या चार तऱ्हा

आपल्याकडे मधमाश्या एकाच प्रकारच्या नाहीत, आणि उन्हाला तोंड देण्याच्या त्यांच्या तऱ्हाही वेगळ्या आहेत.

आग्या माशी आकाराने सर्वांत मोठी. उंच झाड, कड्याची कपार, जुन्या दगडी इमारतीचा छज्जा अशा उघड्या जागी ती एकच मोठे पोळे बांधते. येथील केदारेश्वराचे मंदिर आणि किल्ला यांसारख्या वास्तूंचे उंच दगडी आडोसे तिच्या पसंतीचे असतात. पोळ्यावर माश्यांचेच अनेक पदरी आच्छादन असते. ऊन, वारा आणि शत्रू यांपासून तेच पोळ्याचे रक्षण करते. फुले व पाणी आटले, की आग्या माशी सारे बिऱ्हाड उचलून दूरवर स्थलांतर करते. आसाममधील वसाहतींच्या आनुवंशिक तपासणीतून २००० साली असे दिसून आले, की स्थलांतर करून गेलेल्या राण्या पुन्हा त्याच झाडावर परततात. मोहोळाचे झाड तोडताना किंवा मोहोळ पेटविताना आपण एका परतणाऱ्या कुटुंबाचे घर मोडीत असतो, हे ध्यानात ठेवावे.

फुलोरी माशी चिमुकली. झुडपाच्या फांदीला ती तळहाताएवढे पोळे लावते. उन्हाळ्यात ती दाट सावलीची जागा शोधते. इराण आणि ओमानच्या उष्ण प्रदेशांतही ती टिकून आहे, एवढी ती काटक आहे. आपल्या बांधावरच्या बोरीबाभळींतून अजून आढळते ती बहुधा हीच.

सातेरी माशी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या पोकळीत राहते आणि पेटीतही नांदते. सह्याद्रीच्या सावलीत ती रमते. ऊन, उपासमार किंवा मेणकिडा यांचा जाच झाला, की ती पोळे सोडून निघून जाते. पाळणाऱ्याला सकाळी पेटी रिकामी दिसते. चौथी मेलिफेरा. ही आपल्याकडे पाळण्यासाठी आणलेली, भरपूर मध देणारी, पण माणसाने सावली आणि पाणी पुरविल्यावाचून कडक उन्हाळ्यात तिचे निभणे अवघड.

न दिसणारी हानी

एवढी व्यवस्था असताना चिंता कशाची, असे कोणी विचारील. चिंता अशी, की उन्हाळा बदलतो आहे. केंद्रीय भूविज्ञान मंत्रालयाने २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार १९०१ ते २०१८ या काळात भारताचे सरासरी तापमान सुमारे ०.७ अंशाने वाढले. आकडा लहान दिसतो, पण त्याचा परिणाम लांबलेल्या आणि अधिक तीव्र उष्णतेच्या लाटांत दिसतो. मैदानी प्रदेशात कमाल तापमान ४० अंशांवर जाऊन ते नेहमीपेक्षा साडेचार अंशांनी अधिक असले, म्हणजे हवामान खाते तिला उष्णतेची लाट म्हणते.

अशा लाटेत कामकरी माश्या मेल्या तर त्या दिसतात. दिसत नाही ती पुढच्या पिढीची हानी. कॅनडातील ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील संशोधनात आढळून आले, की ४२ अंश तापमानात सहा तास ठेवलेल्या नर माश्यांपैकी निम्म्याहून अधिक मरतात. राणीमाशीच्या शरीरात साठविलेले शुक्राणूही ३८ अंशांच्या वर तापमान गेल्यास निकामी होऊ लागतात. राणी जिवंत दिसते, पोळे भरलेले दिसते, पण पुढे अंडी फळत नाहीत आणि काही महिन्यांत वसाहत विझत जाते. नर कमी झाले, की ज्या विविधतेचा मी उल्लेख केला, तीही घटते. म्हणजे एका उन्हाळ्याचा घाव पुढच्या उन्हाळ्याची ढाल दुबळी करतो.

एक कबुली

येथे मला एक कबुली दिली पाहिजे. काही वर्षांपूर्वी एका गावी मधपेट्यांचे वाटप झाले. वृत्त मीच लिहिले. किती पेट्या दिल्या, कोणाच्या हस्ते दिल्या, सारे नीट छापून आले. छायाचित्रही सुरेख होते. मे महिन्यात दुसऱ्या कामासाठी त्याच वाटेने जाणे झाले, म्हणून सहज उतरलो. पेट्या उघड्या बांधावर पत्रा टाकून ठेवलेल्या होत्या. जवळची विहीर आटली होती. एकीतले पोळे चौकटीतून खचून तळाशी पडले होते आणि त्याला मुंगळे लागले होते. बाकीच्यांत काहीच नव्हते. एक वृद्ध शेतकरी शेजारी येऊन उभे राहिले. ते रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "सायेब, पेटी दिली, पाणी कुठं दिलं?"

मी वाटपाचा आकडा छापला होता. जगलेल्या वसाहतींचा आकडा विचारण्याचे मला सुचलेच नव्हते. त्या दिवसापासून मी हा प्रश्न विचारू लागलो आहे, आणि आपणही तो विचारावा, अशी माझी विनंती आहे.

शेताचा हिशेब

मधमाशी म्हणजे मध, ही आपली समजूत अपुरी आहे. तिची खरी देणगी परागीभवनाची. भोपळा, दोडका, काकडी, कलिंगड यांची नर फुले वेगळी आणि मादी फुले वेगळी असतात. माशी आली नाही तर वेल हिरवागार राहतो, पण फळ धरत नाही. कांद्याच्या फुलात पराग आधी गळतो आणि स्त्रीकेसर नंतर तयार होतो, म्हणून कांद्याचे बी हवे असेल, तर एका फुलाचा पराग दुसऱ्यावर नेणारे कोणी तरी लागतेच. सूर्यफुलात माश्यांच्या येण्याने दाणे अधिक भरतात. करडई आणि तूर स्वतःच्या परागावर निभावून नेतात, तरी त्यांच्या फुलांवर माश्या येतात आणि आपली गुजराण करतात. प्रत्येक फळ मधमाशीमुळेच येते, असे मात्र नाही. बालाघाटचे प्रसिद्ध सीताफळ धरते ते लहान भुंगेऱ्यांमुळे. श्रेय ज्याचे त्याला द्यावे. पण उन्हाळी वेलवर्गीय पिकांच्या फळांचे श्रेय मुख्यतः माशीचे, आणि तीच उन्हाळ्यात संकटात असते.

२०१६ सालचा उन्हाळा आठवा. आपल्याच जिल्ह्यातील धनेगावचे मांजरा धरण कोरडे पडले होते. लातूरकरांसाठी मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. माणसांसाठी रेल्वे आली, जनावरांसाठी छावण्या उभ्या राहिल्या, आणि ते योग्यच झाले. त्या उन्हाळ्यात शिवारातल्या माश्यांनी पाणी कोठून आणले असेल, याचा विचार मात्र फारसा कोणाच्या मनात आला नसेल. माझ्याही मनात आला नव्हता.

गावाच्या हातचे उपाय

सुदैवाने यावरचे उपाय मोठ्या खर्चाचे नाहीत. मंजुरीसाठी प्रस्ताव वर पाठवावा लागेल, असे त्यात काही नाही.

पहिला उपाय पाण्याचा. शाळेच्या आवारात, मंदिराजवळ, शेताच्या बांधावर सावलीत मातीची पसरट थाळी ठेवावी. तीत खडे किंवा गोणपाटाचा तुकडा टाकावा, कारण माशीला बसून पाणी पिण्यास जागा लागते. खोल भांड्यात ती बुडून मरते. भांड्याची जागा बदलू नये आणि ते एकही दिवस कोरडे पडू देऊ नये. माशी जागा लक्षात ठेवते. एकदा ते कोरडे सापडले, की ती दुसरीकडे वळते. हापशाखाली सांडणारे पाणी एका उथळ चरातून थोडे पुढे नेले, तर माणसांची गर्दी आणि माश्यांची गर्दी वेगळी राहील. जनावरांच्या हौदात लाकडाची एखादी फळी तरंगत ठेवली, तरी शेकडो माश्या वाचतात.

दुसरा उपाय सावलीचा. ज्यांच्याकडे पेट्या आहेत, त्यांनी त्या झाडाखाली ठेवाव्यात. झाड नसेल तर वर कडब्याचे किंवा उसाच्या पाचटाचे छप्पर करावे. दुपारी झाकणावर ओले गोणपाट टाकावे, हवा खेळण्यास वाट ठेवावी. नुसता पत्रा कधीही टाकू नये. पेटीच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या, म्हणजे मुंगळ्यांचा उपद्रवही टळतो.

तिसरा उपाय फुलांचा. पाणी मिळाले तरी अन्न हवे. चैत्र-वैशाखात शेत उघडे असते, तेव्हा कडुलिंब, करंज, जांभूळ आणि पुढे चिंच हीच झाडे माशीचे कोठार होतात. पंचायतीच्या वृक्षलागवडीत शोभेच्या झाडांऐवजी यांना अग्रक्रम द्यावा. बांधावरची बोरीबाभूळ निरुपयोगी समजून तोडू नये. पिके फुलावर असताना कीटकनाशकाची फवारणी टाळावी. करणे भागच असेल तर ती माश्या परतल्यावर, सायंकाळी करावी.

चौथा उपाय शिक्षणाचा, आणि तो गुरुजनांच्या हाती आहे. मुलांना मोहोळावर दगड मारू नये, हे तर सांगावेच, कारण उन्हाने त्रस्त झालेली आग्या माशी जिवावर बेतू शकते. पण तेवढ्यावर थांबू नये. पाण्याच्या थाळीशी दूर बसून कोणत्या वेळी किती माश्या येतात, पारा चढला की खेपा वाढतात का, याची वहीत नोंद ठेवण्यास मुलांना सांगावे. विज्ञानाचा याहून स्वस्त प्रयोग मला माहीत नाही.

ज्यांना मधपालन शास्त्रशुद्ध शिकायचे असेल, त्यांच्यासाठी महाबळेश्वरचे मध संचालनालय आणि १९६२ साली स्थापन झालेली पुण्याची केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. महाबळेश्वर तालुक्यातील मांघर हे गाव २०२२ साली 'मधाचे गाव' म्हणून पुढे आले. मांघरचा पाऊस आणि जंगल आपल्याकडे नाही, म्हणून मांघरची नक्कल येथे चालणार नाही. पण सारा गाव मिळून माशीला आपली मानतो, हा धडा कोठेही गिरवता येईल.

समारोप

संयुक्त राष्ट्रसंघाच्या ठरावानुसार २०१८ पासून २० मे हा दिवस जागतिक मधमाशी दिन म्हणून पाळला जातो. युरोपात तेव्हा फुलांचा बहर असतो. आपल्याकडे त्याच दिवशी विहिरींचे तळ दिसत असतात. तेव्हा माझी एक सूचना आहे. यंदा त्या दिवशी धर्मापुरीत भाषण ठेवू नका, हारतुरे नकोत आणि मलाही बोलावू नका. त्या दिवशी सकाळी सरपंचांनी आणि मुख्याध्यापकांनी गावात एक फेरी मारावी आणि प्रत्येक थाळीत पाणी आहे की नाही, एवढे पाहावे. मला कळवायचे असेल तर किती थाळ्या वाटल्या ते कळवू नका, किती भरलेल्या होत्या ते कळवा. तो आकडा मी आनंदाने छापीन.

माणसासाठी पाणपोई घालणाऱ्या गावाला हे अवघड वाटू नये.